१९२ मतं : गणपतराव आबा, सांगोला आणि तुमच्या घरातल्या निवडणुकीच्या आठवणी

माणगंगेकाठचा

जुनं घर पाडायला काढलंय. काल माळ्यावरून पत्र्याचा डबा निघाला. आत वडिलांचा मतदान प्रतिनिधीचा बिल्ला, शाई उडालेला, आणि १९९५ च्या मतदार यादीची चार पानं. येऊन गेलेल्यांच्या नावापुढं लाल पेन्सिलीची टिक. आमच्याच घरच्या चार नावांपुढं टिक नाही. तिथं पेन्सिल इतकी दाबून रेघ मारलीय की कागद फाटलाय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आबा म्हणजे भाई गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), सांगोला, जिल्हा सोलापूर. १९६२ ला पहिल्यांदा आमदार, ६७ ला परत. ७२ ला पडले, ७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा आले. मग ७८, ८०, ८५, ९०. ९५ ला शहाजीबापू पाटलांकडून पडले, १९२ मतांनी. त्यानंतर ९९, २००४, २००९, २०१४. एकूण अकरा वेळा, सगळ्या एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाकडून.

पण आमच्या घरात अकराचा विषय निघत नाही, १९२ चाच निघतो. त्या दिवशी आजी, मोठी चुलती आणि दोन चुलतभाऊ मिरजेहून साखरपुडा उरकून छोट्या रेल्वेनं परत येत होते. गाडी ढालगावला थांबली ती थांबलीच. घरी पोचेपर्यंत केंद्राचं दार बंद. निकाल लागल्यावर वडील दोन दिवस जेवले नाहीत. चुलतीशी बोलणं टाकलं ते थेट ९९ च्या गुलालापर्यंत. १९२ मधून ४ गेले तरी १८८ उरतात, हे त्यांना सांगायची आजवर कुणाची छाती झाली नाही.

तुमच्याकडं असलं काही आहे का? सांगोल्याचंच पाहिजे असं नाही.

महूदकर

आमच्या घरात हाच आकडा हसून घेतात 😄 आम्ही बापूंच्या बाजूचे. मामानं ९५ ला इतका गुलाल उधळला की आमची पांढरी खिल्लार जोडी आठ दिवस गुलाबी होती. पुढच्या बाजारात बैल विकायला नेले तर व्यापारी म्हणाला, ही कुठली जात?

पण एक खरं सांगतो. ३० जुलै २०२१ ला आबा गेले. दुसऱ्या दिवशी मामा सकाळपासून ओट्यावर बसून होता. मामी म्हणाली, आवं तुम्ही तर त्यांच्या इरोधातले. मामा म्हणाला, म्हणून काय झालं, मी हयातभर कुणाच्या विरोधात होतो ते तर बघ.

लेक सांगोल्याची, सून पुण्याची

मिरज–कुर्डुवाडी छोटी रेल्वे!!! माणगंगेकाठचे दादा, तुमच्या चुलतीला माफ करा हो. त्या गाडीतून उतरून लोक शेतातला हरभरा उपटायचे आणि पळत येऊन परत चढायचे. माझे आजोबा म्हणायचे, घाई असंल तर चालत जा.

पंढरपूरला आषाढीला टपावर बसून गेलेलं कोणी आहे का इथं?

निवृत्त मास्तर

टपावर नाही, पण मतपेटी मांडीवर घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीत चौदा निवडणुका केल्या. तालुका सांगत नाही, तिथले लोक अजून भेटतात.

मतपत्रिकांचा जमाना ज्यांनी पाहिला नाही त्यांना १९२ चं मोल कळणार नाही. शिक्का मारून मतपत्रिकेची घडी चुकीची घातली की ओल्या शाईचा ठसा समोरच्या चिन्हावर उमटायचा. मग मोजणीच्या टेबलावर दोन्हीकडचे प्रतिनिधी ती पत्रिका उजेडात धरून भांडायचे : मूळ शिक्का कुठला, उमटलेला कुठला. मूळ शिक्का ओळखू आला तर मत धरायचं, असा नियम. काहींनी अंगठाच उठवलेला असे, काहींनी सगळ्यांना एकेक शिक्का. कुणाचं मन दुखवायचं नाही! एका पत्रिकेवर पेन्सिलीनं ‘पाणी द्या’ लिहिलेलं होतं. बाद. ती मी स्वतः बाद गठ्ठ्यात ठेवली. अजून डोळ्यांपुढं येते.

त्या काळात मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांचा धाक असा होता की आमचे केंद्राध्यक्ष चहासुद्धा घरून थर्मासमधून आणायचे.

जाता जाता हिशेब. आबांबद्दलच्या मजकुरात कुठं ५४ वर्षं, कुठं ५५ असं येतं. १९६२ ते २०१९ म्हणजे ५७. त्यातून ७२ ते ७४ ची दोन आणि ९५ ते ९९ ची चार वजा करा. ५१. चूक असेल तर सांगा.

अलिबागकर

मास्तर, पेपर तपासल्यासारखं वाटलं. 🙏

आमच्याकडं शेकाप म्हणजे लाल बावटा आणि खटारा, म्हणजे गाडीचं चिन्ह. लहानपणी मला वाटायचं पक्षाचं नावच खटारा आहे. आजी मत देऊन आली की विचारायचो, कुणाला दिलंस, तर ती म्हणायची, गाडीत बसून आले. गुप्त मतदान!

सांगोल्यात एकदाच गेलोय. रायगडातून आलोय म्हटल्यावर एका हॉटेलवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. एवढ्या लांब, ना समुद्र ना भात, आणि माणूस म्हणतो, तुम्ही आपल्यातलेच.

डाळिंब_भगवा

हाटील म्हटलं की बापूच आठवतात आता. काय झाडी, काय डोंगार, काय हाटील 😂 २०२२ ला गुवाहाटीवरनं केलेल्या फोनमुळं सांगोला साऱ्या देशाला कळलं. पाव्हणं पुण्यात इचारतात, तुमच्याकडं लई झाडी हाय का? आवं इथं बाभळ आन् डाळिंब, तिसरं झाड दावा.

आन् डाळिंबावरनं, तेल्या रोगाला कुणी काय मारलंय का यंदा? हस्त बहार धरलाय, फळावर काळं डाग दिसाय लागल्यात. विषय न्हाय हा, पण इथं मानसं आपली दिसली म्हणून इचारलं.

सत्तरीची माई (गोवा)

तेल्याबद्दल काही कळत नाही बाबा, आमच्याकडे काजू.

अकरा वाचलं म्हणून लिहिते. आमचे प्रतापसिंह राणे १९७२ ला पहिल्यांदा निवडून आले ते २०२२ पर्यंत सलग आमदार. अकराच वेळा, आणि एकदाही हरले नाहीत. पहिल्यांदा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, नंतर काँग्रेसचे. मुख्यमंत्रीही झाले. माझं लग्न होऊन मी सत्तरी तालुक्यात आले तेव्हा तेच, सून घरात आली तेव्हा तेच, नातीनं पहिलं मत दिलं तेव्हाही तेच. २०२२ ला ते उभे राहिले नाहीत. पर्ये मतदारसंघातून त्यांची सून भाजपकडून उभी राहिली आणि निवडून आली. त्या दिवशी मी यंत्रापुढे उभी राहिले आणि बोट कुठे नेऊ तेच सुचेना. पन्नास वर्षांची सवय हो. बाहेरून ताई ओरडली, माई, आतमध्ये झोपलीस काय?

तुमच्या आबांचं वाचून एक वाटलं. आमच्याकडे पडण्याची गोष्टच नाही, म्हणून सांगायलाही काही नाही.

एसटीप्रेमी

माई 👌

एसटीत ‘विधानमंडळ सदस्य’ लिहिलेली सीट असते बघा, ती आम्हा शाळकरी पोरांची हक्काची. तिथं आमदार कोण कशाला येतोय? दप्तरं पसरून बसायचो. एकदा कंडक्टर म्हणाला, उठा रे. आम्ही हसलो. तो म्हणाला, अरं खरंच आल्यात. मागं बघतो तर आबा पायरीवर! आम्ही दप्तरं सोडून पळालो आणि ती तिथंच राहिली. आबांच्या मांडीशी तीन दप्तरं आणि एक लिंबाचं पोतं, अशी गाडी निघाली. लिंबं कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढं मी सगळ्या सीटा तपासल्या. आजवर त्या सीटवर आमदार तेवढा एकच बघितलाय.

आकडेमोड

चांगल्या धाग्यात मीठ टाकतो, राग नको. आबांचा ‘विश्वविक्रम’ म्हणून जे फिरतं ते तपासून घ्या. केरळात के. एम. मणी पालातून १३ वेळा आले. ओमन चंडी पुदुपल्लीतून १२ वेळा. तमिळनाडूत करुणानिधी १३ वेळा, पण वेगवेगळ्या मतदारसंघांतून. आबा आपल्या राज्यात सगळ्यांच्या पुढं आहेत, तेवढं पुरे की.

आणि शेवटी राजकारणात काही धरून चालू नये. आमच्या शेजारी संगमनेरला बाळासाहेब थोरात १९८५ पासून सलग आठ वेळा आले, २०२४ ला पडले.

महूदकर

मणींना खिल्लार बैल रंगवावे लागले का? नाही ना. मग आमचाच विक्रम.

मस्कतहून

ड्युटीवर आहे, पटकन लिहितो. २०१९ ला आबांनी वय झालं म्हणून उमेदवारी घेतली नाही, नातू अनिकेत उभे राहिले. मी इथं खोलीत, सहा माणसं, पाच भाषा, मी फोन चार्जरला लावून जमिनीवर. दर फेरीला गावाकडून आवाज यायचा, पुढं हाय, मागं हाय, पुढं हाय. केरळचा रूममेट मला विचारत होता, क्रिकेट आहे का? शेवटी ७६८ नं गेली. पुन्हा बापूच. ९५ ला १९२ आणि आता ७६८. मी उठून सगळ्यांच्या वाटणीची भांडी घासली, दुसरं काय करणार.

२०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब आले, २५ हजारांच्या आसपासच्या फरकानं. अख्ख्या विधानसभेत शेकापचा एकटाच आमदार. त्या दिवशी भांडी त्या केरळवाल्यानं घासली.

लेक सांगोल्याची, सून पुण्याची

😭 मस्कतवाल्या भावा, जेवलास का आज?

माझ्या आईचं वेगळंच. ती म्हणते, मला आबा म्हणजे पाण्याच्या परिषदा. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदेला बायका ट्रकनं जायच्या, भाकरी बांधून. टेंभू उपसा योजनेचं पाणी कृष्णेतून उचलून माणदेशात आणायचं म्हटल्यावर आजीनं विचारलं होतं, पाणी डोंगर चढतंय व्हय? पाणी आलं तेव्हा आजी नव्हती. आईनं कालव्यावर जाऊन चूळ भरली आणि परत आली. एवढंच. पाया वगैरे काही पडली नाही.

निवृत्त मास्तर

डाळिंबवाले, डाग पडलेली फळं आधी तोडून बागेबाहेर नेऊन पुरा, बांधावर टाकू नका. कात्री दर झाडाला औषधात बुडवून घ्या. फवारणीचं मात्र कृषी सहायकाला विचारून करा, दुकानदाराला नको. माझ्या भावाची दीड एकर बाग दुकानदाराच्या सल्ल्यानं गेली.

डाळिंब_भगवा

मास्तर, तुमच्या पाया पडतो. भावाला पण सांगा.

कोळेकर

आबा दोनदा मंत्री झाले, ७८ च्या पवारांच्या सरकारात आणि ९९ च्या विलासरावांच्या, ते कुणी लिहिलंच नाही. बाकी सगळी वर्षं विरोधी बाकावर. २००९ ला विधानसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून नव्या आमदारांना शपथ देताना टीव्हीवर दिसले, तर आमच्या आजोबांनी शेजारच्या पोराला सांगितलं, ते बघ, आपले आबा हजेरी घ्यायलेत.

आजोबा एसटीच्या सीटबद्दल पण सांगायचे, पण वरच्या भावाची गोष्ट भारी आहे, मी आता खोटं काय सांगू.

माणगंगेकाठचा

सगळ्यांचे आभार. रात्री वडिलांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ८४ वय, ऐकायला कमी येतं, त्यामुळं शेजाऱ्यांनी पण ऐकलं. गुलाबी बैलांवर हसले. मास्तरांचा ५१ चा हिशेब दोनदा वाचायला लावला आणि बोटं मोजली. पेन्सिलीनं ‘पाणी द्या’ लिहिलेल्या मतपत्रिकेपाशी म्हणाले, थांब जरा.

मग हिय्या करून मी १८८ चं बोललो. तीस वर्षांत पहिल्यांदा. ते बराच वेळ यादीच्या पानाकडं बघत बसले. म्हणाले, चार न्हवं, पाच. तुझी आत्या बी त्याच गाडीत हुती, तिचं नाव दुसऱ्या पानावर हाय.

आज सकाळी आत्याला फोन लावलाय त्यांनी. अजून चालू आहे. आत्या म्हणतीय गाडी ढालगावला न्हवं, कवठेमहांकाळला थांबलीवती.