मदत हवी आहे: गाय तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली

गोठ्यातला_एकटा:
कृत्रिम रेतनच करतोय. गाभण राहत नाही, 21 दिवस झाले की पुन्हा माजावर, हिचं हंबरणं सुरू. हे कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) प्रकरण बंद करून सरळ वळू दाखवू का? हो की नाही एवढंच सांगा, आत्ता माजावर आहे.

दुसरं_वेत:
कितवं वेत? व्यायल्याला किती दिवस झाले? माज कधी दिसतो, भरवता कधी?

गोठ्यातला_एकटा:
तिसरं. पाच महिने. भरवतो नेहमीप्रमाणे.

दुसरं_वेत:
नेहमीप्रमाणे म्हणजे किती वाजता हो?

वळूवाला:
दाखवा वळू. त्याला घड्याळ लागत नाही, मुका, म्हणजे बाहेरून न दिसणारा, माजसुद्धा बरोबर ओळखतो. कांडीचं काय, त्याच वळूची त्याच्याच लेकींना. पाच वर्षांत गोठाभर सावत्र बहिणी.

नायट्रोजनचा_डबा:
कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, वहीत लिहायचा आळस तुमचा. आणि तुमचा वळू गोठोगोठी फिरून काय काय वाटत येतो ते सांगा की. मी स्वतः रेतन करतो. कांडी उणे 196 अंशांतून निघते, ती 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट तरी धरावी लागते. तुमच्याकडे पाणी कसलं घेतात?

गोठ्यातला_एकटा:
पाणी नाही बघितलं कधी. रेतन करायला येतो तो कांडी तळहातावर चोळतो.

नायट्रोजनचा_डबा:
घ्या!

कालवडप्रेमी:
मादी वासरांचीच कांडी मागा. 10 पैकी 9 कालवडी.

नायट्रोजनचा_डबा:
अहो, इथे गाभणच राहीना. त्या कांडीने तर आणखी कमी राहतात.

गोठ्यातला_एकटा:
वेळ विचारली होती. सकाळी धारेला बळस (माजाचा चिकट स्राव) दिसतो, लगेच फोन करतो, रेतनवाला दुसऱ्या दिवशी दुपारी उगवतो. भरवल्यावर दुसऱ्या दिवशी शेपटीला थोडं रक्त असतं, पण ते जाऊ द्या.

दुसरं_वेत:
जाऊ कसं द्यायचं? तेच तर पहिल्या ओळीत हवं होतं! माज 12 ते 18 तासांचा, तो संपल्यावर 10-12 तासांत बीज सुटतं. रक्त माज संपल्यावर येतं; ते एवढ्या लवकर दिसतंय म्हणजे रेतनवाला यायच्या आत माज संपून गेलेला. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवायची. आज कधी दिसला?

गोठ्यातला_एकटा:
सहाला. बळस काचेसारखा, जमिनीपर्यंत लोंबतोय.

दुसरं_वेत:
मग आज संध्याकाळीच. त्यात पांढरे कण किंवा पू दिसला तर मात्र भरवू नका, आधी पशुवैद्याला दाखवा. तीनदा उलटलीय, तपासणी तशीही करून घ्याच.

गोठ्यातला_एकटा:
कण नाहीत. त्याचा फोन लागत नाहीये.

वळूवाला:
वळू उभाच आहे.