फ्रेंच वेणी मानेपाशी सैल पडते, आणि पुढच्या वेण्या कुठल्या क्रमाने शिकाव्यात?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. साधी तिपेडी वेणी मला डोळे मिटून घालता येते पण त्याच्या पुढे काही केल्या सरकत नाहीये, म्हणून इथे विचारतेय. घरात दोन डोकी आहेत, एक माझं आणि एक लेकीचं (वय ९). तिचे केस कुरळे, दाट आणि चांगले लांब, माझे सरळ, खांद्याच्या थोडे खाली आणि वरून लेयर्स कापलेले. तिला रोज नवीन वेणी हवी असते आणि मलाही हे मनापासून शिकायचंय, पार्लरमध्ये जाऊन नाही, घरीच, स्वतःच्या हातांनी.

अडचण अशी की फ्रेंच वेणी (कडेच्या बटा जोडत जोडत डोक्यालगत घालतात ती) घालायला घेतली की कपाळापासून कानापर्यंत सगळं नीट येतं आणि मग मानेपाशी केस सुटल्यासारखे होतात, तिथे चक्क फुगा येतो. स्वतःची घालताना तर हात वर धरून धरून खांदे भरून येतात आणि मध्येच कुठला पेड कुठे होता तेच कळेनासं होतं. व्हिडिओ पुष्कळ बघितले पण त्यात बोटं इतकी भराभर फिरतात की नेमकी गोष्ट निसटते. डच, फिशटेल, चार पेडांची, पाच पेडांची, वॉटरफॉल, यात आधी काय घ्यावं? आणि लेकीचा गुंता सोडवतानाच अर्धी सकाळ जाते, ती रडकुंडीला येते, त्यावरही कुणाला काही सुचत असेल तर सांगा प्लीज.

निळीशाई
पाऊलवाट, तो फुगा बहुतेक सगळ्यांना येतो आणि त्याला दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे मान. मानेजवळचे केस नीट उचलता यावेत म्हणून आपण डोकं पुढे वाकवतो, तेव्हा मानेची कातडी ताणली जाते, त्या ताणावर वेणी घट्ट बसल्यासारखी वाटते, आणि डोकं सरळ केलं की कातडी परत आखडते अन् तेवढे केस मोकळे पडतात. म्हणून कानांच्या खाली आलं की डोकं सरळ, उलट हनुवटी अगदी किंचित वर. लेकीच्या हातात खाली धरायला पुस्तक देऊ नकोस, समोर डोळ्यांच्या पातळीवर काहीतरी बघायला दे.

दुसरं कारण हात. वेणी हात जातील तिकडे जाते. वर घालताना हात आपोआप टाळूला लागून असतात पण खाली आलं की आपण नकळत केस स्वतःकडे, म्हणजे डोक्यापासून लांब ओढायला लागतो, मग वेणी आणि टाळू यांच्यामध्ये जागा राहते आणि तीच नंतर सैल दिसते. बोटांची पेरं शेवटपर्यंत टाळूला टेकलेली पाहिजेत. घालताना पेरांना टाळूची ऊब लागत नसेल तर समजायचं की हात सुटला.

पेड विसरायला होतात त्याचं मूळही पकडीत आहे. कुठल्याही क्षणी एका हातात दोन पेड आणि दुसऱ्या हातात एक असतो. ज्या हातात दोन आहेत तिथे मधलं बोट दोघांच्या मधे घालून ठेवायचं, ते कधीच काढायचं नाही. नवीन बट घ्यायची ती करंगळीने, कपाळाच्या किंवा कानाच्या कडेपासून सरळ ओढत आणून त्या बाजूच्या पेडात मिसळायची आणि मगच तो पेड मधल्यावरून टाकायचा. आधी पेड टाकून मग बट जोडायला गेलीस की दोन्ही हात गुंततात. बटा दोन्हीकडून सारख्या जाडीच्या घे, नाहीतर वेणी एका बाजूला कलते.

हात भरून आले तर तिन्ही पेड एका मुठीत धर, बोटं आहेत तशी अडकवलेली ठेवून, आणि दुसरा हात खाली सोडून झटक. मग बदल. सोफ्याच्या पाठीवर कोपरं टेकवून बसलं तरी खूप फरक पडतो.

क्रम विचारशील तर मी आधी डच सांगेन, फ्रेंच सुधारण्याच्या आधीच. डचमध्ये पेड मधल्याच्या वरून न नेता खालून न्यायचा, बाकी सगळं तेच. त्यामुळे वेणी डोक्यावर उठून येते आणि न बघतासुद्धा बोटांना तिचा उंचवटा लागतो, आपण सरळ चाललोय की वाकडे ते हातानेच समजतं. मग दोरवेणी, मग फिशटेल, मग चार आणि पाच पेड. वॉटरफॉल सगळ्यात शेवटी. आणि आरसा बाजूला ठेव, मागचं काम आरशात बघून करायला गेलं की उलटंपालटं होतं.

मोकळे_केस
आरशाबद्दल मी सहमत नाही. भांग पाडताना आणि सुरुवातीचे तीन पेड सारखे घेताना आरसा लागतोच, विशेषतः दोन डच वेण्या घालायच्या असतील तर. मधला भांग शेपटीवाल्या कंगव्याच्या टोकाने कपाळापासून मानेपर्यंत एका रेघेत काढायचा, एक बाजू क्लिपने पक्की अडकवून टाकायची आणि तेव्हा हातातल्या आरशात मागचं बघून घ्यायचं. भांग वाकडा गेला तर पुढची सगळी मेहनत वाकडी दिसते. बाकी विणताना आरसा नको हे बरोबर.

आणि अगदी आज धुतलेल्या केसांवर शिकू नका. स्वच्छ सरळ केस फार निसटतात, दुसऱ्या दिवशी जास्त चांगली पकड येते. धुतलेलेच असतील तर बोटांना थोडं पाणी किंवा जेल लावायचं.

घरचा_अभ्यास
मी बाबा आहे, घरात लेकीच्या वेण्या मीच घालतो, तिचेही केस कुरळेच, म्हणून गुंत्याबद्दल लिहितो. कुरळे केस कोरडे असताना विंचरायला घेतले तर लढाईच होते. दाट कुरळे केस ओले असतानाच, कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवायचे. सरळ केसांचं बरोबर उलटं आहे, ओला केस जास्त ताणला जातो आणि सहज तुटतो म्हणून सरळ केस थोडे वाळू द्यायचे आणि मग विंचरायचे. तुमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत त्यामुळे एकच नियम दोघींना लावू नका.

केस चार भागांत वाटून तीन क्लिपने बांधून टाका आणि एकाच भागाचं काम करा. टोकापासून सुरुवात, वरून खाली कधीच नाही. गाठ आली की तिच्या वरच्या बाजूला केस मुठीत घट्ट धरायचे आणि मग खालून कंगवा लावायचा, म्हणजे ओढ मुठीवर येते, टाळूवर येत नाही. माझ्या लेकीचं रडणं या एका मुठीने थांबलं. मुलांना दुखतं ते केसांत नाही दुखत, मुळाशी दुखतं, आणि मूळ धरून ठेवलं की त्यांचा आपल्यावर विश्वास बसतो, मग ती शांत बसतात आणि आपल्यालाही शिकायला वेळ मिळतो.

रात्री झोपताना एक सैल तिपेडी घालून ठेवा, सकाळचा निम्मा गुंता होतच नाही. आणि वेणी दोन दिवसांनी सोडली की हातात केसांचा पुंजका येतो तो बघून घाबरू नका. रोज साधारण ५० ते १०० केस गळणं नॉर्मल असतं, वेणीत ते अडकून राहतात आणि सोडल्यावर एकदम निघतात.

गणिताची_वही
मी जरा वेगळ्या बाजूने सांगते कारण मला स्वतःला बोटांपेक्षा नियम आधी समजावा लागतो, बहुतेक पाऊलवाटचंही तसंच असावं, व्हिडिओतून न कळण्याचं कारण तेच. कुठलीही वेणी म्हणजे शेजारच्या दोन पेडांची अदलाबदल, आणि प्रत्येक वेळी प्रश्न एकच, वरून की खालून. एमिल आर्टिन नावाच्या गणितज्ञाने १९२५ मध्ये याच कल्पनेवर वेण्यांचं अख्खं गणित उभं केलं, गणितात आजही त्यावर काम चालतं. आपल्याला त्यातलं एवढंच पुरे.

फ्रेंच आणि डच या दोन वेगळ्या वेण्या म्हणून पाठ करायच्या नाहीत. दोरीची तिपेडी वेणी घाला, प्रत्येक वेळी वरून, आणि मग ती दोरी तशीच ठेवून तुम्ही पलीकडे जाऊन मागून बघा, तिथे डच दिसेल. पुढून जे वरून गेलं ते मागून खालून गेलेलं असतं. एकदा हे डोळ्यांनी बघितलं की डच शिकायला वेगळे कष्ट पडत नाहीत.

पाच पेड: सगळ्यात उजवीकडचा पेड घ्या, शेजारच्याच्या वरून, त्याच्या पुढच्याच्या खालून, तो आता मधला झाला. मग सगळ्यात डावीकडचा घ्या, तसंच, एकाच्या वरून, एकाच्या खालून, आता हा मधला. बस, हेच आलटून पालटून. पाच ऐकायला भारी वाटतं पण दोन्ही बाजूंना नियम एकच असल्यामुळे ती चारपेक्षा सोपी जाते.

चार पेडांची चपटी वेणी: डावीकडचा टोकाचा पेड शेजारच्याच्या वरून, उजवीकडचा टोकाचा शेजारच्याच्या खालून, आता मधे जे दोन आलेत त्यातला उजवीकडून आलेला डावीकडून आलेल्याच्या वरून. परत पहिल्यापासून. इथे डाव्या उजव्याचा नियम वेगळा आहे म्हणून चुकायला होतं. तोंडाने म्हणत म्हणत करा, "वरून, खालून, मधे", काही वेळाने हात म्हणायला लागतात.

हे सगळं आधी डोक्यावर नको. जुन्या टीशर्टच्या वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या कापा, वरचं टोक खुर्चीच्या पाठीला बांधा आणि तिथे करा. रंगांमुळे कुठे चुकलं ते लगेच सापडतं.

पाऊलवाट
किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! पट्ट्यांवर पाच पेडांची आली!! रंगीत असल्यामुळे लेकही शेजारी बसून करत होती आणि तिची माझ्यापेक्षा सरळ आली. मान सरळ ठेवून फ्रेंच घातली तर फुगा जवळजवळ गेलाच, अजून कानामागे थोडी सैल पडते पण ते बटांच्या जाडीमुळे असावं. आणि गुंत्याच्या वेळी मूठ धरली तर ती चक्क गप्पा मारत बसली होती. घरचा_अभ्यास, तुमचे विशेष आभार.

आता दोन शंका. माझ्या लेयर्समुळे वेणीतून सगळीकडे टोकं बाहेर येतात, त्याचं काय करू? आणि लेकीला वेणी दिवसभर टिकायला हवी म्हणून मी बरीच घट्ट घालते तर तिच्या कपाळाच्या कडेला, भांगाशी, बारीक पुरळासारखं काहीतरी दिसतंय. हे वेणीमुळे असेल का?

सुईदोरा
पाऊलवाट ताई, पुरळाचं आधी, कारण ते जास्त महत्त्वाचं आहे. कडेच्या केसांच्या मुळाशी बारीक फोड येणं, तिथे दुखणं किंवा खाज येणं हे ओढ जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं, त्यामुळे काही दिवस घट्ट वेणी पूर्ण बंद करा, आणि पुरळ गेलं नाही किंवा केस विरळ वाटायला लागले तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. सततच्या ओढीने केस जाण्याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. लवकर लक्षात आलं आणि ओढ थांबवली तर केस परत येतात पण वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळं कायमची जातात. कानशिलांच्या आणि कपाळाच्या कडेचे केस बारीक असतात, पहिला फटका त्यांनाच बसतो. टाळूला चिकटून घातलेल्या वेण्या, म्हणजे डच आणि विशेषतः कॉर्नरोज (टाळूलगत ओळीने घातलेल्या बारीक वेण्या), यात ही काळजी जास्त घ्यावी लागते. वेणी घातल्यावर लेकीला भुवया वर करायला सांगा, कपाळ ओढल्यासारखं वाटत असेल तर सोडून परत घाला. दुखतंय म्हणाली तर दुखतंय, "होईल सवय" म्हणायचं नाही.

ओल्या केसांची घट्ट वेणीही टाळा. ओला केस ताणलेला असतो, वाळताना आखूड होतो आणि ओढ आपोआप वाढते.

टिकण्यासाठी घट्टपणा लागतच नाही, सारखेपणा लागतो. बटा सारख्या घेतल्या, हात टाळूला लागून ठेवला आणि खाली कापड गुंडाळलेलं रबर लावलं तर हलकी वेणीही दिवस काढते. ती बारीक पारदर्शक रबरं लावत असाल तर सोडताना ओढू नका, कात्रीने जपून कापा. आणि वेणी भरदार दिसायला हवी असेल तर बांधून झाल्यावर एका हाताने टोक धरायचं आणि दुसऱ्या हाताने वेणीच्या कडा खालून वर जात थोड्या थोड्या ओढून सैल करायच्या, वरून सुरुवात केली तर सगळी वेणी घसरते.

लेयर्सना फिशटेल सगळ्यात वाईट कारण त्यात बारीक बारीक बटा कडेवरून पलीकडे न्यायच्या असतात आणि आखूड टोकं तिथेच सुटतात. तुम्हाला दोरवेणी छान बसेल. केसांचे दोन भाग करायचे, दोन्ही उजवीकडे पिळायचे आणि मग एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळायचे. दोन्ही पीळ एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात, दोन्ही एकाच दिशेने केले तर हात सोडताच उलगडतात. आखूड टोकं पिळात आत गुंडाळली जातात, राहिली एखाददुसरी तर बोटाला जेल लावून तिथल्या तिथे चिकटवायची.

मोकळे_केस
लेयर्सवाल्यांसाठी अजून एक, नुसत्या रबरांची वेणी. पोनी बांधायची, तिच्या थोडं खाली दुसरं रबर, मधला भाग बोटांनी फुगवायचा, असं टोकापर्यंत. विणणं काहीच नाही आणि आखूड केस त्या त्या रबरात अडकतात. पुरळ जाईपर्यंत लेकीलाही हीच घाला, फक्त पहिलं पोनी सैल आणि मानेजवळ ठेवा.

पाऊलवाट
सुईदोरा, बरं झालं विचारलं. घट्ट वेणी आजपासून बंद, पुरळावर लक्ष ठेवते आणि कमी झालं नाही तर डॉक्टरांकडे नेते. रबरांची वेणी लेकीला भलतीच आवडली. एकच राहिलं, वॉटरफॉल शेवटी का म्हणालीस निळीशाई?

निळीशाई
कारण त्यात पेड मुद्दाम सोडून द्यावा लागतो. आडवी फ्रेंच घालत जायचं, पण वरून खाली आलेला पेड विणायचा नाही, तसाच मोकळा सोडायचा आणि त्याच्या लगेच मागची नवीन बट त्याच्या जागी घ्यायची. ज्या हाताला अजून घट्ट धरायची सवय आहे त्याला सोडणं जमत नाही, सगळंच सुटतं. लेकीचं पुरळ जाईपर्यंत खुर्चीवरच्या पट्ट्यांवर फक्त ते सोडणं आणि उचलणं करून बघ. तिथे ती तुला मागे टाकेल असं वाटतंय.