ऑफ-ग्रिड सोलरच्या बॅटऱ्या खरंच गेल्यात का? घरी कसं तपासावं?

रानवाडी:
कुडाळजवळ शेतघर आहे, तिथवर लाइन नाही. 330 वॅटची 3 पॅनल पॅरललमध्ये, 24 व्होल्टचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा चार्जर), इन्व्हर्टर आणि 12 व्होल्ट 150 एएच (अँपिअर-तास) च्या 2 ट्यूब्युलर (सी10) बॅटऱ्या सीरिजमध्ये. वय 4 वर्षं. छोटा फ्रिज, दोन पंखे, दिवे एवढंच लोड, तरी पहाटे 3 ला इन्व्हर्टर लो-बॅटरी दाखवून बंद पडतो. दुपारी मात्र 27 व्होल्ट दिसतात. दुकानदार म्हणतो दोन्ही बदला. पैसे घालण्याआधी खात्री कशी करू? मीटर कोणतं घेऊ?

सीरिज_लिंक:
दुपारचे 27 हा चार्जरचा आकडा आहे, त्यावरून बॅटरीचं काहीच कळत नाही. आणि इन्व्हर्टरला फक्त दोघींची बेरीज दिसते, त्यामुळे दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. मी तर म्हणेन, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आधी सलग दोन-तीन दिवस उन्हात पूर्ण चार्ज होऊ द्या. मग चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद करून चार तास थांबा. चांगली बॅटरी 12.5 च्या आसपास स्थिरावते. त्यानंतर हायड्रोमीटरने (ॲसिड ओढून मोजायची काचेची नळी) सहाही सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडचा दाटपणा, घेऊन वहीत लिहा. आपल्याकडच्या ट्यूब्युलरला 27 अंशांना साधारण 1.240 असते, नक्की आकडा लेबलवर बघा. ॲसिड त्याहून गरम असेल तर दर 10 अंशांना 0.007 मिळवा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.030 ने खाली असेल तर संशय तिथेच. डिस्टिल्ड वॉटर रीडिंगनंतर घाला. आधी घातलं तर ते वर तरंगतं आणि आकडा खोटा येतो. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतं चार्जिंगआधी घाला.

चष्मा, हातमोजे हवेतच. अंगठी, घड्याळ काढा, पान्याला टेप गुंडाळा. खोलीची खिडकी उघडी ठेवा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

डीसी_क्लॅम्प:
खरी परीक्षा लोडवरच. सी10 म्हणजे 15 अँपिअरने 10 तास. इन्व्हर्टरवर 100 वॅटचे तीन पिवळे बल्ब लावले की बॅटरीतून साधारण 14-15 अँपिअर जातात. पॅनलचा ब्रेकर बंद ठेवा. दर अर्ध्या तासाला अँपिअर आणि दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट लिहा. कोणतीही एक 10.8 ला आली की चाचणी थांबवा. सरासरी अँपिअर गुणिले तास, इतके एएच शिल्लक. 80 टक्क्यांखाली म्हणजे आयुष्य उतरणीला लागलं.

क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखं लावून करंट मोजणारं) घेताना डीसी अँपिअर आणि झिरो बटण आहे ना ते बघा. स्वस्त क्लॅम्प बरेचदा फक्त एसी मोजतात.

लोड चालू असतानाच एक प्रोब शिशाच्या पोलवर, दुसरा केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) टेकवा. 50 मिलिव्होल्टपेक्षा जास्त दिसले तर जोड खराब. लोड बंद करून केबल सोडवा, झाकणं घट्ट ठेवून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करा, कसा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

रानवाडी:
केलं सगळं. एक बॅटरी अ, दुसरी ब. पाच तासांत अ 10.8 ला आली, तेव्हा ब 11.9 वर होती. सरासरी 14.5 अँपिअर. अ च्या एका सेलची ग्रॅव्हिटी 1.150, बाकी पाच 1.230. ब चे सगळे 1.230 च्या पुढे. जोड ठीक आहेत.

सीरिज_लिंक:
म्हणजे अ मध्ये 72 एएच, निम्म्याहून कमी. तो एक सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे करंट ढकलत राहिले की त्याची पोलॅरिटी उलटते, म्हणून तो दर रात्री आणखी बिघडतो. कंपनीने सांगितलेल्या व्होल्टला एकदा इक्वलायझिंग (सगळे सेल सारखे व्हावेत म्हणून मुद्दाम थोडं जास्त चार्जिंग) करून बघा. तरी ग्रॅव्हिटी वर आली नाही तर अ संपली.

रानवाडी:
मग फक्त अ बदलली तर?

डीसी_क्लॅम्प:
4 वर्षांच्या जोडीत एकच नवी घालू नका. रात्री जुनी आधी तळाला जाते, दिवसा दोघींना व्होल्ट सारखे वाटले जात नाहीत आणि नवीचं आयुष्यही घटतं. एकाच बॅचची जोडी घ्या. ब फेकू नका: छोटं पॅनल आणि 12 व्होल्टचा साधा कंट्रोलर लावून अंगणातले डीसी दिवे तिच्यावर चालवा. फ्यूज मात्र पॉझिटिव्ह पोलपासून वीतभर अंतरातच बसवा.