‘टचपॅड अक्षम करा’: अक्षम, निष्क्रिय की नुसतं बंद?

विचारणा:
बाबांच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. टाइप करताना त्यांचा तळहात टचपॅडला लागतो, कर्सर टुणकन तीन ओळी वर जातो आणि पुढची अक्षरं भलत्याच शब्दाच्या पोटात शिरतात. माउस जोडलेलाच असतो, म्हणून मी कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. ‘डिसेबल’साठी ‘अक्षम करा’ लिहिलं. बाबा म्हणाले, ‘‘अक्षम? त्याची चौकशी लावायचीय का?’’ दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद १:
बाबांचं बरोबर आहे. अक्षम म्हणजे ज्याच्या अंगात कुवत नाही तो. अधिकारी अक्षम असतो, त्याला कुणी अक्षम ‘करत’ नाही. निष्क्रिय त्यातल्या त्यात बरा, पण सरकारी वास येतो. सरळ ‘बंद’ लिहा की.

विचारणा:
‘बंद’ म्हटलं की बिघडला असं नाही वाटणार?

प्रतिसाद १:
ते क्रियापद सांभाळतं. दुकान बंद पडलं आणि दुकान बंद ठेवलं, यांत गल्लत कोण करतं?

प्रतिसाद २:
‘बंद ठेवणे’ला माझंही मत. आत घडतं तेही तसंच आहे. ग्नोम म्हणजे उबुंटूचा डेस्कटॉप, त्यातल्या त्या सेटिंगचं नावच ‘सेंड-इव्हेंट्स’ (घडामोडी कळवा). बोट फिरल्याची खबर पुढे द्यायची की नाही, एवढाच प्रश्न. टचपॅड शाबूत असतो, आपण त्याच्याकडे कानाडोळा करतो.
शिवाय तिथे पर्याय तीन आहेत: चालू, बंद आणि बाहेरचा माउस जोडला असेल तरच बंद. बाबांना तिसराच हवा. तो टर्मिनलमधून ‘जीसेटिंग्ज’ या आज्ञेने देता येतो. नुसतं ‘बंद’ निवडलं आणि एखाद्या दिवशी माउस घरी राहिला, तर टचपॅड चालू करायलाही बाण हलणार नाही.
टचपॅड चालवणाऱ्या जुन्या सिनॅप्टिक्स ड्रायव्हरमध्ये तर ‘बंद’लाच दोन पायऱ्या होत्या. ‘टचपॅडऑफ’ या सेटिंगला १ दिलं म्हणजे टचपॅड बंद, फक्त खरी बटणं दाबली तर चालणार. २ म्हणजे टिचकी आणि स्क्रोल बंद, पण बाण फिरणार. तिथे नुसतं ‘निष्क्रिय’ लिहून काय कळणार?

विचारणा:
मग वाक्य असं केलं: ‘माउस जोडलेला असेपर्यंत टचपॅड बंद राहील.’ बाबांनी एका वाचनात पास केलं.

प्रतिसाद ३:
छान. पण सगळे ‘तो टचपॅड’ का म्हणताय? आमच्याकडे ‘ते’.

प्रतिसाद १:
माउस तो, कीबोर्ड तो, म्हणून हाही तो.

प्रतिसाद ३:
परीक्षेला नेतो ते पॅड ‘ते’च ना?