मराठीतून बोलणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सुचवाल का? (मुंबई, शक्यतो सेंट्रल लाइन)

मुलुंडची_मी
नमस्कार. नवरा, मी, सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा असं घर आहे. मारहाण, दारू असलं काही नाही. पण आमचं दोघांचं बोलणं आता दूध, शाळेची फी आणि गॅसचा नंबर लावला का, एवढ्यावरच आलंय. मला झोप लागत नाही, ऑफिसात मधेच डोळे भरून येतात. नवरा म्हणतो, "घरातल्या गोष्टी बाहेर कशाला?" मराठीत बोलता येईल असं कोणी आहे का? आणि एकटीनं जाऊन उपयोग होतो का?

चहा_आलं_घालून
ताई, एकटीनंच जा, नवऱ्यासाठी थांबू नका. माझा नवराही आधी आला नव्हता. काही महिन्यांनी भांडण झालं की मी खोलीत निघून जायच्याऐवजी बोलू लागले, तेव्हा त्यानंच विचारलं, "तिथे नक्की काय बोलतेस?" मग आला. पहिल्या भेटीत झोप, भूक, माहेर, नोकरी असं सगळं विचारतात. लगेच उपाय मिळेल म्हणून जाऊ नका. आणि मराठीचा आग्रह सोडू नका. सासूबाईंचा टोमणा इंग्रजीत सांगायचा म्हणजे त्याचा दंशच निघून जातो.

परळ_वॉर्ड
मी याच क्षेत्रात आहे. नाव सुचवत नाही, पण नोंदणी नक्की तपासा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते. नोंदणी क्रमांक सरळ मागा. खरा माणूस रागावत नाही. 'लाइफ कोच' म्हणवून घ्यायला कुठलीच नोंदणी लागत नाही, म्हणून सांगतेय. सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, ते काम सायकिअॅट्रिस्टचं. तुमची झोप बरेच दिवस उडाली असेल तर त्यांनाही दाखवावं लागेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

तुमचं बोलणं घरच्यांना कळवत नाहीत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद. पुढे जोडीनं जायचं ठरलं, तर तुमच्याच सायकॉलॉजिस्टकडे जायचं की दुसऱ्या, हे आधी त्यांच्याशी बोला. नाहीतर नवऱ्याला वाटतं, हे तर हिच्याच बाजूचे.

ठाणेकर७
मुलुंडहून ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) जवळ आहे. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली संस्था, मराठीचा प्रश्नच नाही. फी झेपत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. खर्च अगदी कमी, पण गर्दी असते, ऑफिसला दांडी मारूनच जावं लागेल. आजच कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलतात.

मुलुंडची_मी
खूप आभार सगळ्यांचे. ऑनलाइन घेतलं तर चालेल का? घर वन बीएचके आहे, सासूबाई दिवसभर हॉलमध्ये असतात.

परळ_वॉर्ड
चालतं, पण त्या घरातून नको. दाराआड कोणी आहे या धास्तीनं माणूस खरं बोलत नाही. ऑफिसात मीटिंग रूम तासभर मिळत असेल तर बघा, नाहीतर प्रत्यक्षच जा. फोनवर वेळ घेतानाच फी, वेळ बदलायचा नियम आणि संध्याकाळी सातनंतर बसतात का, तेवढं विचारून घ्या.

मुलुंडची_मी
मीटिंग रूम शुक्रवारी रिकामी असते. उद्या आयपीएचला फोन करते, प्रत्यक्षची वेळ लांबची मिळाली तर शुक्रवारचं ऑनलाइन विचारते.