पोस्टग्रेसमधल्या बदलांची नोंद कशी ठेवावी? ट्रिगर, पीजीऑडिट की डेबेझियम?

हिशेबी_पुणे
आमचं बिलिंग आणि खतावणीचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं. वापरणाऱ्या बहुतेक प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नियम लागू आहे: हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे, आणि ती सोय बंद करता येता कामा नये.

माझं मत स्वच्छ आहे, ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) लावा. जुनी ओळ आणि नवी ओळ जेसनबी (पोस्टग्रेसचा जेसन साठवायचा प्रकार) करून वेगळ्या टेबलात टाका. पावतीची रक्कम १८,००० ची ८,००० झाली तर ऑडिटरला दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिसतात. नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये होते, त्यामुळे व्यवहार रोलबॅक झाला (मागे घेतला गेला) की नोंदही जाते. पीजीऑडिट हे पोस्टग्रेसचं लॉग ठेवणारं एक्स्टेंशन या कामाचं नाही. ते एसक्यूएल लॉगमध्ये लिहितं, आधीचा आकडा लिहीत नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आकडे नंतर भरायचं एसक्यूएल वाक्य) असेल आणि पॅरामीटरची सेटिंग चालू नसेल, तर लॉगमध्ये नुसतं 'रक्कम = $१' दिसतं. शिवाय रोलबॅक झालेलं वाक्यही तिथे असतंच.

डीबीए_नाशिक
ठाम असहमत. टेबलाचा मालक ट्रिगर डिसेबल करतो, हवा तो बदल करतो आणि पुन्हा एनेबल करतो. सुपरयूझरने (सगळे अधिकार असलेल्याने) सेशन_रेप्लिकेशन_रोल ही सेटिंग 'रेप्लिका' केली की त्या सेशनपुरते साधे ट्रिगर चालतच नाहीत. ट्रंकेट मारून टेबल रिकामं केलं तर ओळीवरचा ट्रिगर चालत नाही, त्याला वेगळा लावावा लागतो. आणि नोंदी कुठे? त्याच डेटाबेसात. ज्याच्यावर संशय घ्यायचा त्याच्याच हातात तिजोरीची किल्ली.

डेबेझियम घ्या. ते डब्ल्यूएएल, म्हणजे पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी जिथे लिहितं तो लॉग, वाचतं आणि बदल बाहेर पाठवतं. ट्रिगर बंद असो की चालू, कमिट झालेला बदल तिथून सुटत नाही. नोंदी दुसऱ्या सर्व्हरवर ठेवा, जिथे डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) लिहायचा अधिकारच नाही. मी स्वतः डीबीए आहे आणि मला तो अधिकार नसावा असंच माझं म्हणणं आहे.

हिशेबी_पुणे
@डीबीए_नाशिक, रेप्लिकाची पळवाट बंद करता येते. ट्रिगर 'एनेबल ऑलवेज' ठेवला की तो त्या मोडमध्येही चालतो. डिसेबलचा मुद्दा मात्र मान्य. पण पब्लिकेशनमधून (कुठल्या टेबलांचे बदल बाहेर पाठवायचे त्या यादीतून) टेबल काढलं की डेबेझियमलाही ते बदल दिसत नाहीत, आणि ते काढायचा अधिकार सुपरयूझरला आहेच.

माझी खरी हरकत 'कुणी' या प्रश्नावर आहे. ॲप एकाच डेटाबेस यूझरने जोडलेलं असतं आणि डब्ल्यूएएलमध्ये बदल करणाऱ्याचं नाव नसतं. ट्रिगरमध्ये ते मिळवता येतं: ट्रान्झॅक्शन सुरू झालं की 'सेट लोकल'ने लॉगिन आयडी ठेवायचा आणि ट्रिगरने तो वाचायचा. 'लोकल' विसरू नका. पीजीबाउन्सर (डेटाबेसची कनेक्शन वाटून देणारं साधन) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल, तर साध्या 'सेट'ने एकाचा बदल दुसऱ्याच्या नावावर चढतो. हिशेबात यापेक्षा वाईट काही नाही.

बॅकएंड_ठाणे
छोट्या टीमने डेबेझियमच्या वाटेला जाऊ नये. आमच्याकडे डेबेझियमचा कनेक्टर शनिवारी बंद पडला, कुणाच्या लक्षात आलं नाही. रेप्लिकेशन स्लॉट (वाचणारा कुठवर आला याची पोस्टग्रेसमधली खूण) न वाचलेलं डब्ल्यूएएल धरून बसला, डिस्क भरली आणि सोमवारी सकाळी बिलं निघेनात. पोस्टग्रेस १३ पासून स्लॉटने किती डब्ल्यूएएल धरावं याला मर्यादा घालता येते. पण मर्यादा ओलांडली की स्लॉट बाद होतो. डिस्क वाचते, नोंदींत खिंडार पडतं. शिवाय रेप्लिका आयडेंटिटी (जुन्या ओळीचं किती डब्ल्यूएएलमध्ये लिहायचं ती टेबलाची सेटिंग) 'फुल' केली नाही तर अपडेटमध्ये जुना आकडा येतच नाही. ट्रिगरला +१.

सीए_कोल्हापूर
तुम्ही सगळे साधनावर भांडताय, ऑडिटर काय विचारतो तेही बघा. कंपन्यांच्या ऑडिटच्या नियम ११ च्या (जी)खाली आम्हाला लिहावं लागतं: नोंदीची सोय वर्षभर चालू होती का, सगळे व्यवहार तिच्यात आले का, छेडछाड झाली का, नोंदी जपल्यात का. २०२३-२४ च्या अनेक अहवालांत शेरा आहे तो हाच, की ॲपमध्ये नोंद होती, पण डेटाबेसात थेट केलेल्या बदलांची नव्हती. म्हणून पीजीऑडिटला इतक्या सहज निकालात काढू नका, हिशेबीदादा. आकड्यांसाठी नको, पण ट्रिगर कुणी, किती वाजता बंद केला हे त्यात येतं. तो लॉग लगोलग बाहेरच्या सर्व्हरवर गेला पाहिजे. आणि हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवायची असतात, तेव्हा जागेचा विचार आजच करा.

हिशेबी_पुणे
ताई, पटलं. आकड्यांसाठी ट्रिगर, आणि पीजीऑडिट फक्त डीडीएल (टेबल, ट्रिगर यांची रचना बदलणारी वाक्यं) आणि रोलच्या बदलांपुरतं. ऑडिटचं टेबल महिन्यागणिक पार्टिशन करतो.

डीबीए_नाशिक
ताईंचा मुद्दा बरोबर, पण माझं मत तेच. पीजीऑडिटची सेटिंगही सुपरयूझर बदलतो, आणि ट्रिगर बंद असताना बदललेल्या रकमेचा जुना आकडा तुमच्याकडे कुठेच उरत नाही. ट्रिगर कधी बंद झाला ते कळेल, त्या वेळात काय बदललं ते कळणार नाही. ठाण्यात जे झालं ते देखरेख नव्हती म्हणून. स्लॉट किती मागे पडलाय यावर अलर्ट लावायला एक क्वेरी पुरते. लॉगिन आयडी हवा असेल तर पीजी_लॉजिकल_एमिट_मेसेज या फंक्शनने तोही डब्ल्यूएएलमध्ये टाकता येतो. निदान खतावणीच्या टेबलांपुरतं तरी डेबेझियम लावा, बाकीच्यांना ट्रिगर चालेल.