पहिल्या तारखेला वकील हवाच का?

एडिसनकर : काल येथे ‘बे-एरियातला बापू’ यांनी लिहिले की, नोटीस टू अपिअर, म्हणजे हद्दपारीच्या प्रकरणात अमेरिकेच्या इमिग्रेशन न्यायालयात हजर राहण्याची नोटीस, आली तरी पहिली सुनावणी दहा मिनिटांची असते, त्यामुळे इंग्रजी येणाऱ्याने वकील आणि दुभाषा यांवर पैसे घालवू नयेत. दुभाषा इमिग्रेशन न्यायालय स्वतःच्या खर्चाने देते, एवढेही ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी सल्ले का द्यावेत? त्या दहा मिनिटांतच न्यायाधीश नोटिशीतील आरोप मान्य आहेत का, असे विचारू शकतात, आणि भिडेखातर दिलेला होकार पुढे मागे घेणे फार अवघड जाते. सरकार वकील देत नाही हे खरे. परंतु वकील शोधण्यासाठी मुदत मागायला पैसे पडत नाहीत. फेब्रुवारी २०२५ च्या धोरणानंतर, स्टेटस बदलण्याचा अर्ज फेटाळला गेला आणि वास्तव्याची मुदतही संपलेली असली, तर हीच नोटीस नोकरी गमावलेल्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसा) वाल्यालाही येऊ शकते.

बे-एरियातला बापू : माझ्या मित्राच्या वकिलाने भरमसाट फी घेऊन फक्त पुढची तारीख मागितली, ते तो स्वतः मागू शकला असता. दुभाषा फुकट असतो हे मला माहीत नव्हते, ही चूक मान्य. तरीही ज्याला रोजच्या मीटिंगा इंग्रजीत चालतात, त्याने दुभाषा मागणे हास्यास्पद आहे.

सातारी : माझ्या काकांनी मागितला होता, तोही हिंदीचा, कारण ‘मराठी माणसाला हिंदी येतेच’ असे आपल्याच एका शहाण्याने त्यांना पटवले होते. पूर्वी काही गुन्हा शाबीत झाला होता का, या प्रश्नावर ते हिंदीत बोलता बोलता ‘मुझे कभी शिक्षा नहीं हुई’ म्हणाले, आणि दुभाष्याने न्यायाधीशांना सांगितले की हे गृहस्थ कधीच शिकलेले नाहीत. काका एम.एस्सी. आहेत!

बे-एरियातला बापू : मग दोष हिंदीचा की काकांचा? नोंदीत ‘मराठी’ सांगायला कोणी अडवले होते?

सातारी : अडवले ते तुमच्यासारख्यांनीच, ‘मराठीचा दुभाषा मिळेपर्यंत तारीख लांबेल’ अशी भीती घालून. आपली साक्ष आपल्याला सर्वांत नेमकी येणाऱ्या भाषेत द्यावी, यात कमीपणा कसला? मीटिंगमधले इंग्रजी आणि शपथेवरचे इंग्रजी यांत फरक असतो.

विदर्भकन्या : तुमचा भाषावाद चालू द्या, पण माझा मावसभाऊ बुडाला तो पत्त्यामुळे. एडिसनहून डॅलसला गेल्यावर त्याने यूएससीआयएसकडे, म्हणजे व्हिसा-ग्रीनकार्डाचे अर्ज पाहणाऱ्या खात्याकडे, पत्ता बदलला आणि न्यायालयाला तो आपोआप कळेल असे धरून चालला. न्यायालय मात्र वेगळ्या, न्याय विभागाच्या अखत्यारीत असल्याने तेथे पाच दिवसांत ईओआयआर-३३ हा वेगळा अर्ज द्यावा लागतो. तारखेची सूचना जुन्या घरी गेली आणि त्याच्या गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश निघाला. न्यायालयाकडे पत्ताच जुना असेल, तर ‘सूचना मिळाली नाही’ हे म्हणणे टिकत नाही. गंभीर आजारासारखे असाधारण कारण असेल तर १८० दिवसांत प्रकरण पुन्हा उघडण्याची विनंती करता येते, पण घर बदलणे हे तसे कारण नव्हे. ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला क्रमांक) टाकून त्याने आपली तारीख एकदा जरी ऑनलाइन पाहिली असती!

बे-एरियातला बापू : वाईट वाटले, परंतु यात वकील काय करणार होता? पत्ता भावालाच बदलायचा होता.

एडिसनकर : वकिलाने हजेरीपत्र, म्हणजे ईओआयआर-२८, दाखल केले असते, तर सूचना त्याच्याकडे गेली असती. फी त्याचीही असते.

बे-एरियातला बापू : हे सुचले नव्हते. ‘वकिलावर पैसे घालवू नयेत’ हे वाक्य मागे घेतो. वकिलांच्या फीविषयीचे माझे मत मात्र शाबूत आहे.

सातारी : आणि हिंदीविषयीचे?

बे-एरियातला बापू : त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो.